मामांचे फ्लेमिंगो, तीन एसएसडी आणि एक लेन

माझे मामा ठाण्यात, नौपाड्यात राहतात. निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात त्यांची सकाळ ऐरोलीच्या खाडीकाठी उजाडते. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मामांनी तो आपल्या परीने आधीच देऊन टाकला होता. एका फेरीत पाचशे-सहाशे फोटो, एकेक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, फाइल तीस एमबीच्या आसपास. असे करत करत 1.4 टीबी फोटो तीन एसएसडींवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हवर, पांगले होते. एक जुन्या लॅपटॉपमधून काढलेली, एक सेलमध्ये घेतलेली, एक मुलीने वाढदिवसाला दिलेली. कुठला थवा कुठल्या ड्राइव्हवर आहे हे फक्त मामांना माहीत, आणि तेही रोज आठवेलच असं नाही.

"अरे, तो तुझा पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर आहे ना, त्याला या तिन्ही लावून एकच डबा करून दे," मामा म्हणाले. "टीव्हीवर बघता येईल, मोबाइलवर बघता येईल. आणि तीन लावल्या म्हणजे वेगही तिप्पट होईल, काय?"

वेग तिप्पट होत नाही. का होत नाही, मग काय होतं, आणि तरीही हा उद्योग करण्यासारखा का आहे, हे त्यांना सांगताना माझीच बरीच गणितं पक्की झाली. तीच इथे मांडतो.

मामांनी ज्याला पत्त्यांचा कॅट म्हटलं तो रास्पबेरी पाय. प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क, यूएसबी असं सगळं एकाच पाटीवर बसवलेल्या कॉम्प्युटरला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. त्यातलं हे सगळ्यांत ओळखीचं नाव. पहिला पाय 2012 च्या फेब्रुवारीत आला, पाय 5 आला 2023 मध्ये. (नाव मराठी घराला सोयीचं नाही. मी "पाय गरम झालाय" म्हटलं की मामी बाम शोधायला उठतात.) त्याचं नेहमीचं साठवणीचं साधन म्हणजे मोबाइलमध्ये घालतो तसलं मेमरी कार्ड. पण रात्रंदिवस लिहिण्या-पुसण्यासाठी ते कार्ड बनलेलंच नसतं, त्याची जागाही तोकडी. म्हणून एसएसडी.

एसएसडी बाजारात दोन-तीन रूपांत मिळते आणि पहिली चूक इथेच होते. अडीच इंची चपटी पेटी असते ती साटा जातीची, म्हणजे ड्राइव्ह जोडायच्या जुन्या पद्धतीची. ती पायला लावायची तर मधे साटा-यूएसबी केबल लागते. दुसरी, च्युइंगगमच्या पट्टीसारखी उघडी एम.2. तिच्यावर 2280 असा आकडा असतो, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब. 2230 आणि 2242 या तिच्या आखूड बहिणी. गोम अशी की एम.2 हे फक्त आकाराचं नाव. त्याच आकारात आत साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई, म्हणजे नवी, जास्त वेगवान पद्धत असू शकते, आणि पाय 5 वर बसणारे बहुतेक एम.2 बोर्ड फक्त एनव्हीएमई ओळखतात. पट्टीच्या सोनेरी दातांमध्ये एकच खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई आणि दोन खाचा असतील तर बहुधा साटा. "बहुधा" मुद्दाम म्हणतोय. घेण्याआधी वर्णनात शब्द वाचून घ्यावा. मामांची सेलमधली एसएसडी दोन खाचांची निघाली.

कोपरी पूल आणि पीसीआय एक्स्प्रेस

ज्याला रुंदीकरणाआधीचा कोपरी पूल आठवतो त्याला हा भाग समजायला दोन मिनिटं पुरतील. पूर्व द्रुतगती महामार्ग दोन्ही दिशा मिळून आठ पदरी, आणि ठाण्यात शिरताना रेल्वेवरचा पूल फक्त चार पदरी. मुंबईहून येणाऱ्या गाड्या कितीही वेगाच्या असोत, मुलुंड सोडलं की सगळ्यांनी त्या पुलाच्या रुंदीएवढंच पुढे सरकायचं. आणखी गाड्या आणल्याने पुलावरून तासाला जाणारी माणसं वाढत नव्हती, रांग वाढत होती.

कॉम्प्युटरच्या आत अशा रस्त्याचं नाव पीसीआय एक्स्प्रेस. त्याच्या पदरांनाही लेनच म्हणतात. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीला चार लेन वापरता येतात. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये त्या मिळतात. पाय 5 वर बाहेरच्या वापरासाठी किती लेन काढून दिल्या आहेत? एक. बोर्डाच्या कडेला सोळा पिनांचा नखाएवढा सॉकेट आहे, त्यात चपटी रिबन केबल बसते, आणि त्या केबलमधून ती एकुलती एक लेन बाहेर येते.

या लेनचा अधिकृत वेग दुसऱ्या पिढीचा, म्हणजे सेकंदाला पाच अब्ज बिट. त्यातही दर दहा बिटांपैकी आठच माल असतो, दोन बिट बंदोबस्ताचे. गणित केलं की सेकंदाला 500 एमबी येतात, आणि इतर कागदपत्रं वजा जाता हातात सव्वाचारशेच्या आसपास पडतात. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून तिसऱ्या पिढीचा वेग जबरदस्तीने चालू करता येतो. मग तात्त्विक मर्यादा 985 एमबीच्या घरात जाते. बोर्ड त्या वेगासाठी प्रमाणित केलेला नाही, तरी बऱ्याच लोकांचा चालतो. केबल जरा वाकडी बसली, जरा लांब असली, की सिस्टिमच्या नोंदवहीत चुकांच्या ओळी जमायला लागतात. मी एक रात्र चालवून पाहिला आणि बंद केला. का, ते पुढे येईलच.

आता एका लेनवर दोन किंवा चार एसएसडी कशा लावायच्या? त्यासाठी पीसीआय स्विच नावाची चिप असते. दोन एसएसडी घेणारे जे बोर्ड मिळतात त्यांच्या पोटात हीच असते. तिचं काम चौकातल्या हवालदारासारखं: एका बाजूला एक लेन, दुसऱ्या बाजूला दोन किंवा चार, आणि प्रत्येकाला आळीपाळीने सोडायचं. एकच एसएसडी काम करत असेल तर तिला पूर्ण लेन मिळते. दोन्ही एकदम पळायला लागल्या की सव्वाचारशेची वाटणी. हवालदार कितीही चलाख असला तरी तो रस्ता रुंद करू शकत नाही.

यूएसबीची गोष्ट जराशी वेगळी आहे. पाय 4 मध्ये चारही यूएसबी एकाच चिपवर, आणि ती चिप एकाच लेनवर. म्हणजे चार दारं, पण आत एकच अरुंद बोळ. पाय 5 मध्ये हे सुधारलं. यूएसबी सांभाळणाऱ्या नव्या चिपला मुख्य प्रोसेसरपर्यंत स्वतःच्या चार लेन आहेत, आणि निळ्या रंगाच्या दोन यूएसबी 3 दारांना एकाच वेळी पूर्ण, म्हणजे प्रत्येकी पाच गिगाबिटचा वेग मिळतो. म्हणून तीन एसएसडी सर्वांत मोकळेपणाने लावायच्या तर एक त्या रिबन केबलवर आणि दोन निळ्या दारांत. कागदावर तरी.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. मामांना हे फोटो बघायचे आहेत टीव्हीवर आणि मोबाइलवर, म्हणजे नेटवर्कवरून. पायचं नेटवर्कचं दार गिगाबिटचं. गिगाबिट म्हणजे सेकंदाला 125 एमबी, प्रत्यक्षात 110 ते 115. वायफायवर बहुतेक वेळा त्याहून कमी. म्हणजे मामांच्या घरातला कोपरी पूल पीसीआयची लेन नव्हतीच. तो राउटरकडे जाणारी ती निळी वायर होता. एक साधी, जुनी, साटा एसएसडीसुद्धा त्या पुलाच्या चौपट वेगाने धावते. तिसऱ्या पिढीचा वेग मी बंद केला तो म्हणूनच. आठशे असो की चारशे, पलीकडे 110 च पोहोचणार असतील तर चुकांच्या ओळी कशाला विकत घ्यायच्या?

त्यामुळे "तिप्पट वेग होईल का" याला माझं उत्तर असं होतं: मामा, तुम्हाला एकीचाच वेग पूर्ण वापरता येणार नाहीये. हे ऐकून ते थोडे हिरमुसले. मग मी विचारलं, फोटो किती वेळात उघडायला हवा? ते म्हणाले, चहा गार व्हायच्या आत. तीस एमबीचे तीन-चार फोटो सेकंदाला. चहा वाफाळताच राहतो.

अंतर्गत वेग जिथे खरोखर लागतो अशी कामं आहेत. पायवरच डेटाबेस चालवायचा, किंवा एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर रोज मोठी नक्कल करायची. अशा वेळी लेनचा हिशेब परत काढावा लागतो. आणि ज्यांना खरोखरच चार-चार एनव्हीएमई हव्यात त्यांनी पायच्या मागे लागू नये असं माझं मत. आरके 3588 या चिपवरचे काही बोर्ड बाहेरच्या वापराला तिसऱ्या पिढीच्या चार लेन देतात. फ्रेंडलीएलेकच्या सीएम 3588 या संचात तर त्या चार लेन चार एम.2 खाचांना एकेक वाटून दिलेल्या आहेत आणि नेटवर्कही अडीच गिगाबिटचं आहे. तिथे हवालदार लागत नाही, प्रत्येकीला आपला पदर. पण पायसाठी अडलं-नडलं विचारायला जेवढी माणसं आणि जेवढं लेखन सापडतं तेवढं तिथे सापडत नाही. मामांच्या घरचा डबा बिघडला की फोन मला येणार, हे गृहीत धरून मी पाय निवडला.

65 वॅट आणि तरी उपाशी

रस्त्याचं गणित मला आधीपासून येत होतं. विजेच्या गणितात मी आपटलो.

पहिल्या खेपेला मामांच्या तिन्ही जुन्या साटा एसएसडी मी केबल्स लावून यूएसबीत खुपसल्या. चार्जर म्हणून माझ्या लॅपटॉपचा, 65 वॅटचा. पाय 5 ला कंपनी 27 वॅटचा चार्जर सुचवते, मग 65 म्हणजे दुपटीहून जास्त, चैनच की. दहा मिनिटं सगळं छान. मग फोटोंची कॉपी सुरू केली आणि एक ड्राइव्ह गायब. परत आला. मग दुसरा गायब. मी आधी केबलला शिव्या दिल्या, मग एसएसडीला, मग मामांच्या भिंतीतल्या सॉकेटला.

खरं कारण असं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. लॅपटॉपचा चार्जर 65 वॅट देतो ते 20 व्होल्टला. पायला 20 व्होल्ट चालत नाहीत, त्याला 5 व्होल्टच लागतात. आणि 5 व्होल्टला तो चार्जर, बाजारातल्या बहुतेक टाइप-सी चार्जरांसारखाच, फक्त 3 अँपिअर देतो. म्हणजे 15 वॅट. पायचा स्वतःचा चार्जर मात्र 5.1 व्होल्टला 5 अँपिअर देतो. म्हणजे साडेपंचवीस वॅट. नावातले 27 वॅट तो देतो ते 9 व्होल्टसारख्या चढ्या व्होल्टला. टाकी कितीही मोठी असो, आपल्या मजल्यावरचा नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली त्याच्याच धारेने भरणार.

पाय 5 इथे एक शहाणपणा करतो. चार्जर लावताक्षणी तो त्याच्याशी बोलून घेतो: 5 अँपिअर देशील का? नाही म्हटलं तर तो यूएसबीच्या चारही दारांना मिळून फक्त 600 मिलिअँपिअर सोडतो, म्हणजे 3 वॅट. हो म्हटलं तर 1.6 अँपिअर, म्हणजे 8 वॅट. एका साटा एसएसडीच्या पाठीवरचं लेबल वाचलं तर 5 व्होल्ट, 1 अँपिअर किंवा त्याहून जास्त असं काहीतरी दिसतं. ती इतकं सतत खात नाही, पण लिहिताना घास मोठा घेते. तीन एसएसडी, 3 वॅट. त्या गायब होत नव्हत्या, उपासमारीने बेशुद्ध पडत होत्या.

हे मोजायला साधन पायमध्येच आहे. वीज कमी पडली का, असं विचारणारी एक आज्ञा आहे, तिचं उत्तर हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळा चिन्हांनी मोजायच्या पद्धतीच्या एका आकड्यात येतं. शून्य आलं तर सगळं ठीक. शेवटचा अंक 1 किंवा 5 असेल तर आत्ता या क्षणी व्होल्ट कमी आहेत. पाचापुढे चार शून्यं असं काही आलं तर आत्ता ठीक आहे, पण सुरू केल्यापासून कधीतरी कमी पडले होते आणि त्यापायी वेगही खाली आणावा लागला होता. नवा ड्राइव्ह लावल्यावर मोठी कॉपी चालवायची आणि मग हा आकडा बघायचा, ही सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली. रिकाम्या बसलेल्या एसएसडीला विचारून उपयोग नाही, तिला काम सांगून बघायचं.

उपाय दोन. अधिकृत चार्जर, किंवा खरोखर 5 व्होल्टला 5 अँपिअर देणारा दुसरा एखादा. आणि ड्राइव्ह दोनपेक्षा जास्त झाले की त्यांची वीज वेगळी. यूएसबीने लावायच्या असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. पायच्याच विजेवर जगणारा हब म्हणजे एकाच डब्यातला भात चौघांत वाटणं. एनव्हीएमईचंही तेच: त्या चपट्या रिबन केबलमधून 5 वॅटच्या आसपासच वीज जाऊ शकते, आणि जोरात काम करणारी एक एनव्हीएमई एकटीच तेवढं मागू शकते. म्हणून दोन खाचांचे चांगले बोर्ड वीज वेगळ्या पिनांवरून घेतात, चार-पाच ड्राइव्ह घेणारे तर सरळ बाहेरच्या अडॅप्टरची सोय देतात. घेताना फोटोत ते गोल सॉकेट आहे का बघावं. बोर्डाच्या किमतीतला फरक बऱ्याचदा तिथेच असतो.

वीज आलीच आहे तर महावितरणचीही बात. लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, पण मधल्या त्या पापणी लवण्याएवढ्या वेळात पंख्याला काही कळत नाही, पाय मात्र धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्या क्षणी लिहिलं जात असलेलं अर्धवट राहतं. राउटरसाठी मिळतात ते छोटे यूपीएस बहुधा 12 व्होल्टचे. पायला चालणारा वेगळा बघून घ्यावा लागतो. किंवा सरळ कॉम्प्युटरचा जुना यूपीएस. मामांकडे होता, बॅटरी बदलली.

एकच डबा करायचा म्हणजे नेमकं काय

तीन ड्राइव्ह सिस्टिमला दिसले, आता त्यांची मांडणी. इथे रेड हा शब्द येतो, म्हणजे अनेक ड्राइव्ह जोडून एकासारखे वापरायची पद्धत, आणि लोक त्याच्या आकड्यांत हरवतात. वह्यांच्या भाषेत सांगतो.

रेड शून्य म्हणजे एक ओळ या वहीत, पुढची ओळ त्या वहीत, अशी गोष्ट लिहायची. दोन हातांनी लिहिल्यासारखं, म्हणून वेग. पण एक वही हरवली की दुसरीत उरतं ते निरर्थक. पायवर याचा वेगही मिळत नाही, कारण दोन्ही हात एकाच लेनमधून बाहेर येतात. म्हणजे धोका पूर्ण, फायदा शून्य. नाव योग्य आहे.

रेड एक म्हणजे पावती पुस्तकातला कार्बन. लिहाल ते दोन्हीकडे उमटतं. एक ड्राइव्ह मेला तरी काम चालू राहतं. जागा मात्र दोन टीबी अधिक दोन टीबी बरोबर दोन टीबी. वेगाचा एक बारकावा आहे: पायवर हा कार्बन सॉफ्टवेअर करतं, म्हणजे प्रत्येक बाइट त्या एकाच लेनवरून दोनदा जातो. सव्वाचारशेचे दोनशेच्या जरा वर उरतात. नेटवर्कच्या 110 पुढे तेही भरपूर, म्हणून चिंता नको.

रेड पाचला किमान तीन ड्राइव्ह लागतात आणि त्याची युक्ती सुंदर आहे. पहिल्या वहीत 7 लिहा, दुसरीत 5, तिसरीत दोघांची बेरीज 12. दुसरी वही हरवली? 12 वजा 7. खरं गणित बेरजेऐवजी बिटांवरच्या एका क्रियेने होतं आणि बेरजेची वही दर पानाला बदलते, पण कल्पना हीच. तीन ड्राइव्हमध्ये दोघांची जागा मिळते. मात्र एक ड्राइव्ह बदलल्यावर उरलेल्या सगळ्यांची सगळी पानं वाचून नवी वही भरावी लागते. तेवढा वेळ सगळा डोलारा काठावर.

यातलं मामांसाठी मी काय निवडलं? काहीच नाही.

माझं म्हणणं असं आहे की घरच्या फोटोंना रेड लागत नाही. आरसा, म्हणजे रेड एकचा तो कार्बन, कशासाठी असतो? ड्राइव्ह मेला तरी गिऱ्हाइकाला कळू नये, दुकान चालू राहावं, यासाठी. मामांचं दुकान नाही. फ्लेमिंगो एक दिवस टीव्हीवर दिसले नाहीत तर कुणाचं अडत नाही; ते कायमचे गेले तर अडतं. आणि फोटो कायमचे जातात ते ड्राइव्ह मरून जेवढे, तेवढेच चुकीचा फोल्डर डिलीट होऊन. आरशापुढे उभं राहून मिशी कापली तर आरशातलीही कापली जाते, त्याच क्षणी. शिवाय एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या एसएसडींवर आयुष्यभर तेच आणि तेवढंच लिहिलं जातं. दमायच्या त्या एकाच सुमारास.

म्हणून मामांकडे आता दोन टीबीच्या दोन नव्या एनव्हीएमई आहेत, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या. पहिलीवर सगळे फोटो. दुसरी दिवसभर गप्प. रात्री दोन वाजता पाय पहिलीवरचं नवीन तेवढं दुसरीवर उतरवून घेतो, आणि जे डिलीट झालं असेल ते तीस दिवस एका वेगळ्या फोल्डरमध्ये धरून ठेवतो. मेमध्ये मामांनी "डुप्लिकेट" समजून एक अख्खा जानेवारी उडवला. मला तीन दिवसांनी फोन आला. तीस दिवसांतले तीन.

किरकोळ, पण छळणाऱ्या गोष्टी

लिनक्स ड्राइव्हना सुरू होतानाच्या क्रमाने नावं देतं: एसडीए, एसडीबी, एसडीसी. ती दवाखान्यातल्या टोकनसारखी असतात, आज तुम्ही तीन नंबर, उद्या एक नंबर. त्या नावाने फोल्डर जोडलेत तर एके दिवशी रात्रीची नक्कल उलट्या दिशेने होऊ शकते, म्हणजे रिकामा ड्राइव्ह भरलेल्यावर. प्रत्येक ड्राइव्हला फॉर्मॅट करताना एक लांबलचक यूयूआयडी मिळतो, तो आधार नंबरासारखा, रांग बदलली तरी बदलत नाही. जोडणीच्या यादीत तोच लिहायचा. आणि त्याच ओळीत "नोफेल" हा शब्द घालायचा, म्हणजे एखादा ड्राइव्ह सापडला नाही तरी पाय सुरू व्हायचा थांबत नाही. मी एकदा विसरलो. पाय सुरू होताना मधेच अडून बसला, नेटवर्कवरून बोलेना, आणि मामांकडे टीव्हीला जोडायला मायक्रो एचडीएमआय केबल नव्हती. ती कुणाकडेच नसते. ऐरोलीला माझ्या घरी परत येऊन केबल घेऊन गेलो.

दुसरी गोष्ट ट्रिम. फाइल डिलीट केली की सिस्टिम आपल्या रजिस्टरमधलं नाव खोडते, पण एसएसडीला ते कळलेलं नसतं. भाडेकरू गेला, सोसायटीच्या वहीत मात्र फ्लॅट भरलेलाच. ट्रिम म्हणजे आठवड्यातून एकदा खाली झालेल्या फ्लॅटांची यादी एसएसडीला देणं, म्हणजे ती नव्यांसाठी जागा झाडून ठेवू शकते. एनव्हीएमईवर हे बिनबोभाट चालतं. साटा-यूएसबी केबलमधल्या पुष्कळ स्वस्त चिप मात्र हा निरोप पुढे पोहोचवतच नाहीत, आणि अशा ड्राइव्हचं लिहिणं भरत भरत मंदावतं. तीन ड्राइव्ह यूएसबीवर टांगण्याऐवजी मी शेवटी एम.2 वर आलो त्यामागे हेही कारण होतं.

ड्राइव्ह लिहून लिहून झिजतो याची लोकांना उगाच धास्ती असते. एक टीबीच्या बऱ्या ड्राइव्हला साधारण 600 टीबी लिहिण्याची हमी असते. रोज 50 जीबी लिहिलं तरी 12 हजार दिवस, म्हणजे जवळजवळ 33 वर्षं. मामा आता 68 चे आहेत. त्यांनी हा हिशेब समाधानाने ऐकला.

उष्णतेची धास्ती मात्र बाळगावी. एनव्हीएमई सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे गेली की स्वतःच हळू होते, पायचा प्रोसेसर 80 पासून. दोन एनव्हीएमई एकावर एक, वर पाय, आणि बाहेर ठाण्याचा मे. मामांकडे लेन्सना बुरशी लागू नये म्हणून दमट हवा शोषणारं काचेचं बंद कपाट आहे. "त्यातच ठेवू की, पावसाळ्याचीही काळजी मिटेल." कल्पना मोह पाडणारी होती. मी फक्त दार लावून अर्धा तास वाट पाहिली आणि त्यांना हात लावायला सांगितला. आता डबा पुस्तकांच्या उघड्या फळीवर आहे, पंखा लावून, आणि मामी तक्रार करतात की रात्री दोनला तो घुमतो.

सिस्टिम सुरू कुठून करायची? काही दोन-खाची बोर्डांवर स्विचमागच्या एसएसडीवरून पाय सुरू व्हायला कुरकुर करतो, त्यासाठी बोर्डाचं वर्णन वाचावं आणि पायचं बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम, ताजं करून घ्यावं. मी तो नादच सोडला. सिस्टिम मेमरी कार्डावर, फोटो एसएसडीवर. कार्ड गेलं तर अर्ध्या तासात नवं लिहून देतो, फोटोंना धक्का नाही.

राहिल्या मामांच्या तीन जुन्या एसएसडी. त्यातली सेलमधली आणि लॅपटॉपमधली आता प्रवासात कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायला वापरतात. मुलीने दिलेली होती दोन टीबीची. तिच्यावर महिन्यातून एकदा सगळ्याची नक्कल होते आणि ती घराबाहेर ठेवायची असते, कारण आग, चोरी आणि छतातून गळणारं पाणी दोन्ही एनव्हीएमईंना एकदमच गाठेल. इंटरनेटवरून पाठवायचं ठरवलं होतं. 100 एमबीपीएसच्या लाइनीवर 1.4 टीबी चढवायला, एक सेकंदही न थांबता, 31 तास लागतात. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जेवायला नौपाड्याला जातो, आणि परतताना मामी डब्यात काहीतरी भरून देतात, मामा एसएसडी खिशात घालून देतात. ठाण्याच्या दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडायची, दुसऱ्या स्टेशनला ऐरोली. मागच्या वेळी मी डबा गाडीत विसरलो. मामांचा पहिला प्रश्न होता, "कुठला डबा?"